उजेडाशिवाय जगणारी कोरल्स घरात पाळताना: सन कोरलपासून सुरुवात

मंगळासाठी बोटात जे पोवळं घालतात तो बऱ्याचदा भूमध्य समुद्रातल्या एका प्रवाळाचा सांगाडा असतो. कोरॅलियम रुब्रम त्याचं नाव. ते खडकांच्या कपारीत आणि गुहांच्या छताला वाढतं, जिथे ऊन जेमतेम पोचतं, कारण त्याला उन्हाची गरजच नसते. आपल्या रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल्स पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, नेहमी दिसणारी कोरल्स याच्या अगदी उलट. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात साखर बनवतं आणि कोरलला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा, काही जातींत नव्वद टक्क्यांपर्यंत, तिथूनच येतो. म्हणून तर रीफवाली मंडळी दिव्यांवर एवढा खर्च करतात. ज्या कोरल्समध्ये हे शैवाल नसतं त्यांना छंदातले लोक एनपीएस म्हणतात, म्हणजे नॉन-फोटोसिंथेटिक. नारिंगी सन कोरल त्यातलंच. यांचं पोट फक्त तोंडावाटे भरतं. समुद्रात प्रवाह अन्न आणून देतो; टँकमध्ये ते काम तुमचं.

नवखे इथेच फसतात. दिवा नको म्हणजे खर्च कमी, कटकट कमी, असा हिशेब मनात होतो. प्रत्यक्षात दिव्याचे वाचलेले पैसे अन्नात आणि स्किमरमध्ये (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र) जातात आणि वर रोजचा वेळ जातो तो वेगळाच. एनपीएसचं सगळं कौशल्य दोनच गोष्टींत आहे: प्रत्येक तोंडापर्यंत घास पोचवणं आणि त्या घासाने घाण झालेलं पाणी साफ ठेवणं. पहिली गोष्ट बहुतेकांना जमते. कोरल्स मरतात ती दुसरीमुळे.

भारतात राहणाऱ्यांनी आधी हे वाचा

मी हे अमेरिकेतून लिहितोय. इथे परवानाधारक दुकानांतून ही कोरल्स मिळतात आणि हा लेख मुख्यतः परदेशातल्या मराठी छंदिष्टांसाठी आहे. भारतात गोष्ट वेगळी आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या अनुसूची १ मध्ये २००१ साली सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे घातले गेले. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. सन कोरल दगडी प्रवाळांत मोडतं आणि गॉर्गोनियन म्हणजेच समुद्रपंखा. त्यामुळे अंदमान-लक्षद्वीपहून तुकडा आणणं, कुणी ‘लोकल माल’ म्हणून विकत असेल तो घेणं, हे सरळ गुन्ह्यात येतं आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. आयात केलेल्या जिवंत कोरलचा मामलाही सोपा नाही. दगडी आणि काळी प्रवाळं वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय सायटीस करारातही येतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर सायटीसच्या यादीतले परदेशी जीव बाळगणाऱ्यांना सरकारकडे नोंदणी करावी लागते. दुकानदार ‘काही होत नाही साहेब’ म्हणाला तरी कागद मागा. कागद नसतील तर मासे पाळा. परदेशातून कायमचं परत येणाऱ्यांनीही टँकमधलं कोरल सामानात टाकून आणायचा विचार करू नये.

पायरी १: कोरल निवडण्याआधी आपला दिवस बघा

दुकानात रंग बघून कोरल घेतलं जातं आणि मग त्याला खायला कधी घालायचं याचा विचार घरी होतो. हे उलटं करा. आठवड्यातून किती संध्याकाळी तुमच्याकडे अर्धा तास मोकळा असतो, हे आधी ठरवा.

आठवड्यातून एक-दोनच संध्याकाळी वेळ असेल तर रायझोट्रोकस टायपस शोधा. एकच मोठा लाल पॉलिप (तोंड आणि भोवती सोंडेसारखी शुंडकं असलेला कोरलचा एकेक जीव), एकच तोंड, त्यामुळे खायला घालायला दोन मिनिटं पुरतात. नेहमी मिळत नाही आणि मिळालं तर स्वस्त नसतं, पण वेळ नसणाऱ्याला याहून बरं एनपीएस मला माहीत नाही.

आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी वेळ असेल तर सन कोरल, म्हणजे ट्युबॅस्ट्रिया, किंवा त्याचा भाऊबंद डेंड्रोफायलिया. तोंडं मोठी, अन्न मोठं, घास गेला की नाही हे डोळ्यांनी दिसतं. शिकायला हेच उत्तम आणि या लेखात मुख्यतः याचीच माहिती आहे.

रोज खायला घालणं जमत असेल आणि सन कोरल वर्षभर नीट सांभाळून झालं असेल तर चिली कोरल आणि सोपी गॉर्गोनियन. दिवसभर, तासातासाला, यंत्राने अन्न सोडायची तयारी असेल तरच मऊ, रंगीत डेंड्रोनेफ्थिया. नवख्याने त्या वाटेला जाऊच नये.

पायरी २: ओळख

पहिली खूण रंगाची. शैवाल असलेल्या कोरलमध्ये कुठेतरी तपकिरी किंवा हिरवट झाक असते, कारण तो रंग शैवालाचाच. एनपीएस कोरल शुद्ध नारिंगी, पिवळं, लाल, गुलाबी असतं, तपकिरीचा अंश नसतो. पण ही खूण एकटी पुरत नाही. एक म्हणजे दुकानात निळे दिवे लावलेले असतात आणि त्यात लाल कोरल काळपट दिसतं, तर भलतंच काहीतरी चमकतं. मोबाईलचा पांढरा टॉर्च मारून बघा. दुसरं म्हणजे ताणाने शैवाल गमावलेलं, पांढरंफटक किंवा फिकट पिवळं पडलेलं साधं कोरलही ‘अंधारात चालतं’ म्हणून विकलं जातं. ते एनपीएस नव्हे, ते उपाशी आहे. रंगवलेली लेदर कोरल्सही बाजारात येतात. रंग अगदीच एकसारखा, शाईत बुडवल्यागत दिसला तर सोडून द्या. तिसरं म्हणजे काही एनपीएस गडदच असतात. ट्युबॅस्ट्रिया मायक्रँथस गर्द हिरवं ते काळं असतं, झाडासारखं फांद्या फोडून वाढतं, आणि शैवाल त्यात तरीही नसतं.

सन कोरलचे पॉलिप आखूड नळ्यांसारखे एका गठ्ठ्यात उगवतात. मिटलेला असताना गठ्ठा नारिंगी फोडांसारखा दिसतो. उघडला की प्रत्येक नळीतून पिवळ्याधमक शुंडकांचं फूल बाहेर येतं. ट्युबॅस्ट्रियाच्या कॉक्सिनिया जातीत नळ्या बुटक्या आणि दाटीवाटीने असतात, फॉकनेरी जातीत त्या अंमळ उंच आणि सुट्या. डेंड्रोफायलिया बऱ्याचदा फांद्यांनी वाढतं, पण लहान तुकड्यावरून दुकानदारालाही फरक सांगता येत नाही. हौस असेल तर गठ्ठ्यातला एखादा मेलेला, रिकामा कप भिंगाखाली धरा. आतल्या चुनखडीच्या पातळ उभ्या पट्ट्या एकमेकींना जुळून ताऱ्यासारखी नक्षी झाली असेल तर डेंड्रोफायलिया. पट्ट्या एकेकट्या, सरळ मध्याकडे गेल्या असतील तर ट्युबॅस्ट्रिया. दोन्हीची देखभाल एकच, तेव्हा ही खटपट निव्वळ आनंदासाठी.

याच कुळात दोन घरभेदे आहेत. डंकन आणि टर्बिनारिया ही सन कोरलची सख्खी भावंडं, नळ्या आणि शुंडकंही मिळतीजुळती, पण दोघांनाही उजेड हवा. यांचे पॉलिप हिरवट, जांभळट किंवा तपकिरी असतात आणि दिवसा दिव्याखाली पूर्ण उघडे असतात. गुहेत ठेवलंत तर हळूहळू मरतील.

गॉर्गोनियनमध्ये फांदीचा रंग सोडा, पॉलिपचा बघा. पॉलिप तपकिरी असले तर ते उजेडावर जगणारं. पांढरे, लाल किंवा निळे असले तर एनपीएस. कॅरिबियनमधलं डायोडोगॉर्जिया पिवळ्या किंवा गडद लाल फांद्यांचं, पांढऱ्या पॉलिपांचं असतं. फ्लोरिडाकडचं स्विफ्टिया नारिंगी फांद्यांवर लाल पॉलिप घेऊन येतं आणि बऱ्यापैकी मोठं अन्न घेतं, म्हणून गॉर्गोनियनची सुरुवात करायची तर याने करा. निळ्या पॉलिपांचं ‘ब्लूबेरी’ दिसायला अप्रतिम आणि टिकवायला महाकठीण. चिली कोरल म्हणजे लाल, चिवट, रबरी बोटं. त्यातून रात्री फिकट पॉलिप बाहेर येतात. ते खडकाच्या खालच्या बाजूला, उलटं टांगून लावतात, म्हणजे अंगावर गाळ साचत नाही.

डेंड्रोनेफ्थिया ओळखायला सगळ्यात सोपं. काचेसारखं आरपार दिसणारं फुगीर खोड, त्यात पांढऱ्या बारीक सुया, वर गुलाबी-लाल गुच्छ. दुकानातलं सगळ्यात देखणं आणि बहुधा फार महागही नसलेलं. १९९५ साली तांबड्या समुद्रातल्या डेंड्रोनेफ्थियावरचं संशोधन ‘सायन्स’ नियतकालिकात आलं आणि तोवरच्या समजाला धक्का बसला. हे कोरल मुख्यतः पाण्यातली सूक्ष्म वनस्पती, म्हणजे फायटोप्लँक्टन, गाळून खातं. आपण मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) टाकत बसतो आणि त्याला हवा असतो काही मायक्रॉनचा कण, तोही सतत वाहत्या पाण्यातून. घरात बहुतेक वेळा ते काही आठवड्यांत आकसत जातं. ते सुंदर आहे म्हणूनच दुकानातल्या काचेवरून बघून परत यावं.

पायरी ३: टँक

टँक किमान सहा महिने स्थिर चाललेला हवा. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, आल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्षात इतके भाग), मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. उजेड नको म्हणून कॅल्शियमही नको, असं समजू नका. सन कोरलही चुनखडीचा सांगाडाच बांधतं.

जागा अशी शोधा जिथे प्रवाह मध्यम ते जोराचा आहे पण एकाच दिशेने सतत मारा होत नाही, आणि वर खडकाची सावली आहे. सावली कशासाठी? उजेडाने सन कोरल मरत नाही, उघड्यावरही राहतं. पण उजेडात त्याच्या सांगाड्याच्या उघड्या जागांवर शैवाल चढतं आणि ते जिवंत ऊतीला ढकलत मागे नेतं. शिवाय ती जागा तुमचा हात सहज पोचेल अशी हवी. सुंदर दिसेल म्हणून मागच्या कोपऱ्यातल्या गुहेत लावलेलं सन कोरल पहिल्या महिन्यात कौतुकाने भरवलं जातं, तिसऱ्या महिन्यात कंटाळ्याने.

स्किमर तुमच्या टँकच्या आकाराला लिहिलेल्यापेक्षा एक माप मोठा घ्या. सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) पाण्यातली घाण शोषणारं केटोमॉर्फा शैवाल वाढवायला जागा असेल तर सोन्याहून पिवळं.

पायरी ४: दुकानात

पॉलिप मिटलेले असतील तर घाबरू नका, दिवसा ते तसेच असतात. बघायचं ते दोन नळ्यांच्या मधली जागा. तिथे नारिंगी कातडी सलग असली पाहिजे. पांढरा किंवा हिरवट सांगाडा दिसत असेल आणि नळ्यांची फक्त टोकंच रंगीत उरली असतील तर ते बरेच दिवस उपाशी आहे. ते वाचू शकतं, पण नवख्याने दया म्हणून ते घेऊ नये.

दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. चांगला दुकानदार आनंदाने घालतो. गठ्ठा उचलायचा तर पॉलिप मिटलेले असतानाच उचलावा. पूर्ण फुललेलं कोरल हवेत काढलं की आत भरलेल्या पाण्याच्या वजनाने ऊती फाटतात. खालच्या बाजूला स्पंज चिकटलेले असतील तर तो भाग शक्यतो पाण्याबाहेर येऊ देऊ नका, कारण हवा लागलेले बरेच स्पंज नंतर टँकमध्ये सडतात.

पायरी ५: घरी आणल्यावर

पिशवी वीसेक मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग अर्धा-पाऊण तास थेंबथेंब टँकचं पाणी घाला. कोरल डिपमध्ये (कीड काढायच्या औषधी द्रावणात) बाटलीवर लिहिलेला वेळ बुडवा आणि हलवा. डिपच्या भांड्याच्या तळाशी काय पडतं ते टॉर्चने नीट बघा. सन कोरलवर जगणारी एक पिवळी-नारिंगी, पेचदार, बारीक गोगलगाय आहे, एपिडेंड्रियम नावाची. तिचा रंग कोरलशी इतका मिळतो की दिवसा ती एखाद्या मिटलेल्या पॉलिपसारखी वाटते. रात्री ती फिरते आणि नळ्यांच्या बुंध्याशी नारिंगी अंड्यांचे पुंजके घालते. अंडी डिपने मरतीलच असं नाही, ती चिमट्याने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडून काढावी लागतात. फेस्टिला नावाचा समुद्री गोगलगाईचा बिनकवचाचा प्रकारही असाच. तो जे कोरल खातो त्याचाच रंग घेतो.

पाण्यात लावल्यावर दोन-तीन दिवस काही करू नका.

पायरी ६: पहिला घास

इथे सगळा संयम लागतो, म्हणून सविस्तर सांगतो.

मायसिस म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, साधारण जवळ्याएवढे, फ्रोझन क्यूबमध्ये मिळतात. आणि हो, घरात सुका जवळा आहे म्हणून तो घालू नका. त्याचा भुगा होतो आणि पाणी नासतं. अर्धा क्यूब टँकच्याच पाण्यात विरघळू द्या आणि चहाच्या गाळणीतून गाळा. खाली आलेलं गढूळ पाणी फेकू नका, त्यातलं दोन-तीन चमचे बाजूला काढा. बाकीचं पाणी सिंकमध्ये, गाळणीत उरलेले मायसिस घासासाठी.

टँकचे दिवे मालवून अर्धा तास झाला की पॉवरहेड (प्रवाह करणारे पंप) आणि स्किमर बंद करा. बाजूला काढलेलं पाणी लांब पिपेटने किंवा बेस्टरने (रबरी फुगा असलेल्या मोठ्या ड्रॉपरने) कोरलपासून बोटभर अंतरावर, हळूच सोडा. हा वास. आता वीस मिनिटं दुसरं काही काम करा. परत याल तेव्हा मिटलेल्या फोडांची टोकं फुगलेली असतील, मधली फट रुंदावलेली असेल आणि एखाददुसऱ्या पॉलिपच्या कडेने पिवळी टोकं डोकावत असतील. पूर्ण फुलायची वाट बघू नका. त्या डोकावणाऱ्या टोकांवर एकच मायसिस अलगद टेकवा. चिकटला की शुंडकं त्याच्यावर मिटतात, मधलं तोंड लांबट फटीसारखं उघडतं आणि मायसिस आडवा-तिडवा होत आत सरकतो. यात अर्ध्या मिनिटापासून दोन-तीन मिनिटांपर्यंत काहीही लागू शकतं. घास सोडून दिला तर तो मोठा आहे किंवा पॉलिप अजून तयार नाही. मायसिसचा अर्धा तुकडा किंवा त्याहून बारीक सायक्लॉप्स द्या.

पहिल्या रात्री एकही पॉलिप उघडला नाही तर तेवढंच वासाचं पाणी दुसऱ्या रात्री, त्याच वेळी, पुन्हा. वेळ सांभाळणं महत्त्वाचं. काही दिवसांत दोन-चार पॉलिप खायला लागतात, आणि एकदा ते खायला लागले की शेजारचेही उघडू लागतात.

टँकमध्ये क्लीनर श्रिंप (एक प्रकारची कोळंबी) असेल तर मात्र हा सगळा खेळ तो उधळतो. कोरलच्या तोंडात पाय घालून गिळलेला घास तो बाहेर ओढून काढतो, मी बघितलंय. उपाय साधा. सोड्याची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली मधोमध कापा, बूच काढलेला वरचा भाग धुऊन कोरलवर घुमटासारखा ठेवा आणि बाटलीच्या तोंडातून पिपेट आत घाला. वास आत कोंडून राहतो, म्हणून पॉलिप लवकर उघडतात, आणि श्रिंप बाहेरून हात चोळत बसतो. लहान कोरल असेल तर दुसरी पद्धत: टँकचंच पाणी भरलेल्या भांड्यात कोरल अर्धा तास ठेवायचं, तिथे भरवायचं, मग परत. भांड्यातलं पाणी टँकमध्ये जात नाही, म्हणून टँक स्वच्छ राहतो. फक्त कोरल परत उचलताना पॉलिप मिटू द्या.

पायरी ७: रोजचं गणित

तीस पॉलिपांचा गठ्ठा घ्या. प्रत्येकाला वीस सेकंद धरले तर दहा मिनिटं, त्याआधी वासाची वीस मिनिटं. म्हणजे अर्धा तास. आठवड्यातून तीन वेळा तर दीड तास. साठ पॉलिपांचं मोठं, भरघोस कोरल स्वस्तात मिळतंय म्हणून घेण्याआधी हे गणित करा. नवख्यासाठी आठ-दहा पॉलिपांचा तुकडा पुष्कळ झाला.

पहिला महिना रोज किंवा एक दिवसाआड थोडं थोडं द्या. पॉलिप जाड झाले, मधली कातडी भरून आली की आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. एका पॉलिपला एका वेळी दोन-तीन मायसिस बास. बहुतेक पॉलिपांना घास मिळाला पाहिजे. तेच ते पुढचे पाच गुबगुबीत आणि मागचे सांगाडे, असं होऊ देऊ नका. अन्नात फेरफार करा: मायसिस, आर्टेमिया, माशांची बारीक अंडी, कॅलॅनस, कधी बारीक चिरलेली क्रिल. नुसत्या आर्टेमियावर ठेवू नका, ती बरीचशी पाणीच असते.

कोरल रुळलं की भरवायची वेळ दर दोन-चार दिवसांनी थोडी अलीकडे आणत न्या. वेळेवर अन्न मिळतं हे कळलं की बरीच सन कोरल्स दिवसाउजेडीही फुलतात.

चिली कोरल आणि गॉर्गोनियनसाठी बेस्टर कामाचा नाही, कारण तोंडं बारीक. रोटिफर, सायक्लॉप्स, पावडरची अन्नं पाण्यात मिसळून प्रवाहाच्या वरच्या बाजूने सोडावी लागतात, दिवसातून किमान एकदा. त्यातलं बरंचसं कोरलला न लागता पाण्यातच राहतं, म्हणून त्यांचा टँक सांभाळणं सन कोरलपेक्षा अवघड.

पायरी ८: घाण

भरवून अर्धा तास झाला की पंप चालू करा आणि तळावर पडलेले मायसिस बेस्टरने ओढून घ्या. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) दोन-तीन दिवसांनी बदला. त्यात अडकलेलं अन्न तिथेच कुजत राहिलं तर सॉक असून नसल्यासारखा. आठवड्याला दहा ते पंधरा टक्के पाणी बदला, आरओ-डीआय (पूर्ण शुद्ध केलेल्या) पाण्यातच समुद्री मीठ मिसळून.

नायट्रेट आणि फॉस्फेट आठवड्यातून एकदा मोजा आणि वहीत लिहा. नायट्रेट ५ ते २० पीपीएममध्ये असेल तर सन कोरल कुरकुरत नाही. फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या वर चढत राहिलं तर खडकांवर आणि कोरलच्या सांगाड्यावर शैवाल दिसू लागेल. तेव्हा अन्न तोडू नका, घाण काढायची सोय वाढवा. अन्न तोडून आकडा खाली येतो, पण कोरलही खाली जातं.

बिघडलं तर

रुळलेलं सन कोरल अचानक दोन-तीन दिवस उघडेना झालं तर आधी टॉर्च घेऊन रात्री बुंध्याशी गोगलगाय शोधा, मग खारेपणा आणि आल्कलिनिटी मोजा. कातडी नळ्यांच्या मधून मागे सरत असेल तर बहुतेक वेळा भूक हेच कारण: घास वाढवा, लहान तुकडे द्या, घुमट वापरा. उघड्या सांगाड्यावर शैवाल चढलं असेल तर मऊ ब्रशने फक्त तोच भाग घासा आणि कोरल अधिक सावलीत न्या. नीट खाऊ लागलं की कातडी सांगाड्यावरून पुन्हा पसरते.

पिल्लं आणि ती कुठे जातात

चांगलं पोसलेलं सन कोरल अळ्या सोडतं आणि काही आठवड्यांनी काचेवर, पंपाच्या आत, खडकाच्या खाली नारिंगी ठिपके दिसतात. त्यांना नुकत्याच उबवलेल्या आर्टेमियाची पिल्लं द्या.

याच गुणाने सन कोरल समुद्रात उपद्रवी ठरलंय. ट्युबॅस्ट्रिया कॉक्सिनिया मूळचं हिंदी-प्रशांत महासागरातलं. १९४३ मध्ये कॅरिबियनमध्ये प्वेर्तो रिको आणि क्युरासाव इथे त्याची नोंद झाली. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकात ते तेलविहिरींच्या फलाटांवर सापडलं आणि आता तिथल्या खडकाळ किनाऱ्यांवर स्थानिक कोरल्सची जागा खातंय. तेव्हा टँक मोडताना कोरल किंवा खडक समुद्रात, खाडीत सोडायचं नाही. दुसऱ्या छंदिष्टाला द्या, आणि मेलेला खडक टाकायचाच तर ब्लीचमध्ये भिजवून, पूर्ण वाळवून टाका.

सुट्टीला भारतात जाताना

चांगलं पोसलेलं सन कोरल आठवडाभर उपाशी राहिलं तर बिघडत नाही. तीन-चार आठवडे मात्र नाही. जाण्याआधी महिनाभर नीट खाऊ घाला, पण जायच्या आदल्या रात्री नाही, म्हणजे न खाल्लेलं अन्न तुमच्या पाठीमागे सडणार नाही. टँक बघायला येणाऱ्या मित्राला एक रात्र समोर बसवून दाखवा. मायसिसचे भाग छोट्या पिशव्यांत बांधून, प्रत्येकीवर तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवा आणि उरलेलं पाकीट त्याच्या हाती लागणार नाही असं आत सरकवा. पाहुणा माणूस कोरल उपाशी ठेवत नाही, तो टँकभर अन्न ओततो. चिठ्ठीत पहिली ओळ हीच लिहा: पिशवी चुकली तर चुकू दे, दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या घालू नकोस.